पाठीची माती

आरोही आपल्या आजोबांना, सयाजीआबांना, दुपारच्या खेळाला घेऊन आली होती. पडद्यावरच्या काटकुळ्या पोरानं पिक्चरभर मार खाल्ला आणि शेवटी त्या धिप्पाड पैलवानाला चितपट केलं. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. आबांनीही हात दुखेस्तोवर टाळ्या पिटल्या. लोकांनी पोराला खांद्यावर घेतलं; मागं तो धिप्पाड एकटाच उठून पाठीची माती झटकत होता. आबांच्या टाळ्या तिथंच थांबल्या.

दिवे लागले. जड अंगानं उठलेल्या आबांचा हात सारखा पाठीकडं जाऊ लागला.

"आबा, काही नाही लागलं पाठीला. खुर्ची स्वच्छ होती की."

"हितली न्हाय गं ती माती. वेळापूरच्या जत्रंतल्या कुस्तीची हाय," आबा म्हणाले. "तवा मीबी असाच धिप्पाड हुतो."