सकाळचा आवाज

संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपून सगळे नारायणगावच्या जैन स्थानकातून घरी परतले होते. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची ती संध्याकाळ. घरातली लहानथोर माणसं प्यारीबाईंपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून गेली. राहिली फक्त धाकटी सून, सिद्धी. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

“सकाळी हिचा आवाज कसा खणखणीत असतो,” प्यारीबाई म्हणाल्या. “माझ्यापुढं वाकायची वेळ आली की बरी दातखीळ बसते!”

“आई, आजार आहे तो. मायस्थेनिया,” सिद्धीचा नवरा संयम म्हणाला. “पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना? तिचं शरीरच तिच्या स्नायूंवर उलटलंय. दिवसभर वापरले की गळतात, झोप झाली की पुन्हा जोर येतो.”

“दिवस मावळला की आमी पण गळतो रे. आमी कुठं गोळ्या खातो?”

सोंग लांबून ओळखता येतं, याचा प्यारीबाईंना भारी अभिमान. त्या तरातरा जाऊन सुनेपुढे उभ्या राहिल्या.

चाहूल लागताच सिद्धीने बोटाने एक पापणी वर उचलली. समोर सासू दिसली. ती नमस्काराला हात उचलू लागली, पण ते छातीपर्यंतही न येता मांडीवर पडले. पापणीही पडली. ओठ हलले, नाकातून नुसता वारा आला. तरी तिचं बोट पुन्हा पापणीकडे निघालं.

प्यारीबाईंनी वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. सोंग असं नसतं.

“गोळी कधी घेतली हिनं?”

“काल,” संयम खाली बघत म्हणाला. “तूच म्हणालीस ना, गोळ्या गिळून कसला उपवास?”

प्यारीबाई स्वतः गोळी आणि पाणी घेऊन आल्या. थोरली सून दचकली. “आई, आज उपवासात? दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा चालत नाही ना?”

“पाप लागलं तर मला लागू दे.”

गोळी कशीबशी गिळली गेली. सुनेचं डोकं खांद्यावर घेऊन प्यारीबाई तिथंच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने सिद्धीच्या पापण्या आपोआप उघडल्या. सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, “मिच्छा...”

प्यारीबाईंनी तिचे दोन्ही हात स्वतःच्या हातांनी जोडले आणि आपल्या कपाळाला लावले.

“आज मी म्हणते, तू ऐक. तुझं सकाळी म्हण. सकाळी तुझा आवाज लई खणखणीत असतो.”