न प्यालेली कॉफी

अबू मिशालनी कॉफीचं चिमुकलं फिंजान हातात घेतलं, ओठांपर्यंतही नेलं नाही आणि तसंच समोर ठेवून दिलं. त्यांच्यामागोमाग दिवाणखान्यातल्या साऱ्या गिरणी-कामगारांनी आपापली फिंजानं खाली ठेवली.

यजमान रकान ते पाहत होता. म्हणजे बासिल बेक म्हणाले तसंच झालं तर!

"शुक्रवारी येतील बघ तुझ्याकडे," कंपनीचे संचालक बासिल बेक आदल्याच दिवशी म्हणाले होते. "करक गावची माणसं ती. संप करणार नाहीत, घोषणा देणार नाहीत. तुझ्या घरी येतील आणि कॉफी न पिता बसतील. तू ‘प्या’ म्हणालास की मेलास. ते मागतील ते द्यावं लागेल. मग उपसंचालकाची खुर्ची विसर, आणि आत्ताची नोकरीसुद्धा."

कंपनीची नवी योजना तडीस नेण्याचं काम रकानकडे होतं. करकची पिठाची गिरणी बंद करायची, जुनी यंत्रं विकून टाकायची, नवी झरका शहरात हलवायची. आता उरलं होतं ते फक्त रविवारी दाराला कुलूप लावणं. सगळं इतकं बिनबोभाट पार पडलं होतं की त्याचीच त्याला धास्ती वाटत होती. कामगारांपैकी कोणी ब्र काढला नाही. ताफिल्याच्या कोण्या व्यापाऱ्यानं जुनी यंत्रं घासाघीस न करता उचलली. आणि गिरणीचे मुकादम अबू मिशाल तर स्वतः उभे राहून ती यंत्रं खोलून देत होते. एकेका भागावर रंगानं आकडा घालत होते, पिठाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळत होते. भंगाराचे एवढे लाड! पण हयात गेली होती त्या यंत्रांपाशी. म्हातारा जड मनानं निरोप देतोय असं समजून रकाननं तिकडे पाहायचंच टाळलं होतं.

"काका," तो आता म्हणाला, "काय काम काढलंत ते तर सांगा."

कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं.

"तुझ्या बापानं आधी कधी विचारलं नाही," अबू मिशाल शांतपणे म्हणाले. "फिंजान खाली टेकायच्या आत ‘प्या’ म्हणायचा. मागणं काय ते नंतर ऐकायचा."

"बाबांचा काळ वेगळा होता, काका."

"काळ वेगळा असेल, कॉफी तीच आहे. निवतेय."

त्यांचा पुतण्या सत्ताम लगेच उठायला लागला. "चला काका, जाऊ या. करकमध्ये कोणी विचारलं तर सांगू, घर चुकलो म्हणून."

दोघं-तिघं हसले. रकानचे कान तापले. काय ही वेळ! पाहुणा कॉफी तशीच ठेवून गेला की त्या घराची अब्रू गेलीच. "कॉफी उतू जाऊ नये म्हणून बघतो," असं काहीतरी पुटपुटत तो स्वयंपाकघरात शिरला. हनादी, त्याची बायको, वेलदोड्याचा डबा हातात धरून दाराआड उभीच होती.

"त्यांना असं उठून जाऊ देऊ नकोस हं," ती कुजबुजली. "तुझी आई अजून करकमध्ये राहते. तिच्या दारात कोणी पाऊल ठेवील का?"

"आणि ‘प्या’ म्हटलं तर ते गिरणी मागतील. मग काय, मी रस्त्यावर!"

"देऊ नकोस ना गिरणी! त्यांना दुसरं काही दे. माणसाकडे काय एक गिरणीच असते?"

रकान तिच्याकडे बघतच राहिला. अरेच्चा, एवढं साधं आपल्याला सुचू नये!

तो बाहेर आला, तो ताठ मानेनं.

"काका, सगळ्यांदेखत सांगतो. गिरणी रविवारी बंद होणार, त्यात आता बदल नाही. तिच्याबद्दल शब्द काढू नका. ते एक सोडून माझ्या हातात असेल ते काहीही मागा. दिलं! माझ्या बापाच्या नावानं दिलं. प्या."

अबू मिशालनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. झालं, आता म्हातारा उठतो, असं रकानला वाटलं.

पण म्हाताऱ्यानं फिंजान उचललं आणि एका घोटात रिकामं केलं. मग बाकीच्यांनीही आपापली उचलली. सत्तामनं तर वर आणखी मागून घेतली.

रकानचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली, अब्रूही वाचली. असा तोडगा खुद्द बासिल बेकनासुद्धा सुचला नसता! हसत हसत तो म्हाताऱ्याच्या शेजारी टेकला.

"बोला काका. आता काय हवं ते मागा."

"गिरणीचं नाव काढायला आलोच नव्हतो रे पोरा. ती तू रविवारी खुशाल बंद कर," मिशीवरची कॉफी पुसत अबू मिशाल म्हणाले. "ताफिल्याच्या रस्त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून नवी उभी केलीय. तुम्ही विकलेली यंत्रं आकड्यांबरहुकूम जोडून झाली. फक्त योजना तडीस नेणारा माणूस तेवढा नाही आमच्याकडे. सोमवारपासून तू ये."