सफरचंदाचं सफरचंद

म्हातारीनं सफरचंद तोंडाशी नेलं, तेवढ्यात वृद्धाश्रमाच्या मॅनेजरनं तिचं मनगट धरलं.

"आजी, एक मिनिट. हे आधी मशीनमधून काढून आणतो."

"सफरचंद आहे ते. माझ्या मुलानं आणलंय."

मुलगा शेजारीच रिकाम्या पिशवीची घडी घालत उभा होता.

"तेच सांगतोय. मशीन याचा लगदा करेल, आणि त्या लगद्याचं सफरचंद छापून देईल. हुबेहूब. देठासकट."

मशीन जेवणघराच्या कोपऱ्यात होतं, कपाटाएवढं. एका आजोबांच्या घशात जेवताना घास अडकला, तेव्हापासून सगळ्यांचं जेवण त्यातूनच यायचं. बारीक तोटीतून लगद्याचा दोरा सुटायचा, थरावर थर चढायचा, आणि ताटात कधी गाजर उतरायचं, कधी मासा, कधी कोंबडीची तंगडी. हाडसुद्धा लगद्याचंच. चावल्याचं समाधान मिळावं म्हणून भिंतीवरच्या स्पीकरमधून कुरुमकुरुम आवाज लावत. बोळकी तोंडं त्या तालावर हलायची. माणसं जेवून उठली तरी स्पीकर बराच वेळ एकटाच जेवत बसायचा.

म्हातारीचं तोंड मात्र बोळकं नव्हतं. सगळे दात तिचे स्वतःचे. तरुणपणी तिनं दारातला खिळा दातांनी उपटला होता म्हणतात, आणि त्यानंतर तो खिळा पुन्हा कुठल्याच लाकडात शिरायला धजला नाही.

"दात आहेत मला," ती म्हणाली. "दिसत नसतील तर माझा चष्मा लाव."

"नियम सगळ्यांना सारखा, आजी. उद्या काही झालं तर जाब मला विचारतात."

"आणि मला कोण विचारतं?" ती मुलाकडे वळली. "तू बोल की. का तुझी जीभही यांनी छापून दिलीय?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच आहे ते. चव तीच लागते गं."

"मग ते छापलेलं तू खा. मला हे दे."

मॅनेजरनं हसत सफरचंद तिच्या बोटांतून सोडवून घेतलं. ते हसणं तिला सहन झालं नाही. तिनं मान खाली घातली आणि त्याच्या हातातल्या सफरचंदातच दात रोवले. तो ओढायला लागला. ती सोडेना. टेबल हललं, पाण्याचा पेला आडवा झाला. कचकन मोठा तुकडा निघाला आणि मॅनेजर उरलेल्या सफरचंदासकट मागच्या खुर्चीवर आदळला.

जेवणघरातले सगळे जबडे थांबले. तुकडा म्हातारीच्या गालात होता. ती चावत नव्हती. इतक्या दिवसांनी मिळालेला घास तिला घाईनं संपवायचा नव्हता.

"घशात अडकेल त्यांच्या," मॅनेजर मुलाला म्हणाला. "तुमचं ऐकतील. तुम्हीच काढा."

मुलानं बाही वर सारली. लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढला.

"आई, आ कर बघू. मी बोट घालून काढतो. शहाणी ना तू?"

"घाल," ती म्हणाली, आणि मागच्या दाढा दिसतील एवढा मोठा आ करून त्याच्या बोटाची वाट बघत बसली.