पडद्यावरची ज्योत

"हात नको लावू रे त्याला," यशोदाबाई म्हणाल्या.

गिरधरचा हात वरच्यावर थांबला. काँप्युटरचा माऊस खणाखाली झाकलेला होता, वर झेंडूचं फूल. पडद्यावर समई तेवत होती आणि तिच्यासमोर पाट मांडून, काळा चष्मा लावून आई बसली होती. घरामागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत जळगावातल्या एका रिक्षाचाही आवाज येत नसे. त्या शांततेत ज्योत अशी हळूहळू डुलत होती की गिरधरही जरा वेळ बघतच राहिला. मग त्याला सनई आठवली.

सनई म्हणजे काँप्युटरमधली. फुंकणारं कोणी नाही. सूर आधी बोटांनी भरून ठेवायचे, मग हे यंत्र निवांतपणे एकेक सूर सनईच्या आवाजात ओतत बसणार. काल एका कडव्याला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागला होता. आज सकाळी काम लावून गिरधर एसटी स्टँडवर गेला, गाणाऱ्या झुंबरबाईंना घेऊन परत आला, तरी काँप्युटरच्या खोक्यावरचा तांबडा ठिपका लुकलुकतच होता. म्हणजे अजून चालूच.

झुंबरबाई धुळ्याकडच्या. त्यांच्या आवाजातलं देवीचं गाणं अष्टमीला गावच्या मंडळात वाजायचं होतं. सकाळी घरचा घट बसवूनच त्या निघाल्या होत्या आणि संध्याकाळच्या बसला त्यांना परतायचं होतं. सनईशिवाय गायचं कशावर?

गिरधरने खोक्याचं झाकण काढलं. टेबलफॅन आणून त्याच्या तोंडाशी लावला. काही फरक नाही. शेवटी काँप्युटर जुळवून देणाऱ्या मोतीलालला त्याने फोन लावला.

"बाकी सगळं बंद आहे ना?" मोतीलालने विचारलं.

"बंद आहे."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"समई."

पलीकडे मोतीलाल हसायलाच लागला. "अरे, दिवाळीला मीच बसवून दिली होती ती, माऊसला जरा वेळ हात लावला नाही की आपोआप येते. ज्योत हलते ना, ती त्याला सारखी नव्याने काढावी लागते. सगळी ताकद तिकडेच जाते बाबा, सनईला उरणार काय? माऊस हलव, जाईल समई."

गिरधरने फोन ठेवला आणि आईला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा चढलाच.

"आज घट बसलेत," यशोदाबाई म्हणाल्या. "नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नसतो. या घरात आले तेव्हापासून एकदाही विझू दिला नाही मी."

"आई, ते चित्र आहे."

"मग खरा कोण सांभाळणार होतं? डॉक्टर म्हणाले धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. सून बाळंतपणाला माहेरी, सावद्याला. तुला विचारलं, तर तू म्हणालास, मला कामातून सवड नाही." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "याला धूर नाही, तूप नको. म्हटलं, देवी चालवून घेईल. मला काय हौस आहे का रे?"

गिरधरला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पण तांबडा ठिपका लुकलुकत होता आणि बाहेर उन्हं कलायला लागली होती.

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या झुंबरबाई उठल्या. "अक्का, घटना दिवा हालाडना पडना ते आमनाकडे आदूगर त्यानावर दुसरा लाई लेतस. मंग पहिला शांत झाया तरी चालस."

यशोदाबाईंनी मान डोलावली. जळत्या दिव्यावर दुसरा लावून घेतला की पहिला विझला तरी चालतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्या चाचपडत देवघरात गेल्या, तुपात भिजवलेली फुलवात निरांजनात घालून घेऊन आल्या, पुन्हा पाटावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी निरांजन पडद्याच्या काचेशी धरलं. वात बरोबर ज्योतीला टेकली. काचेतली समई आपली डुलत राहिली. यशोदाबाई वाट बघत होत्या. देवावर भरवसा असलेलं माणूस बघतं तशी, अजिबात घाई न करता.

गिरधरने झुंबरबाईंकडे पाहिलं. मग खिशातून काडेपेटी काढली. झुंबरबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी डोळे मिटले आणि देवीचं गाणं सुरू केलं, एकदम वरच्या पट्टीत, सनईबिनई काही नसताना. त्या आवाजात काडी ओढल्याचं कुणालाच ऐकू आलं नाही. गिरधरने आईच्या खांद्यावरून वाकून फुलवात पेटवली. काचेत आता दोन ज्योती दिसत होत्या, एक आतली आणि एक बाहेरची, आणि कुठली कुठली ते क्षणभर त्यालाही कळेना.

"लागली का रे?" यशोदाबाईंनी विचारलं.

"लागली."

झुंबरबाईंनी गाणं न थांबवता पुढे होऊन निरांजन आपल्या हातात घेतलं, ज्योतीला तळव्याचा आडोसा केला आणि त्या देवघराकडे चालू लागल्या. गिरधरने खण बाजूला करून माऊस हलवला. समई गेली. तिच्या जागी सनईच्या कामाची निळी पट्टी आली आणि भराभरा पुढे सरकू लागली.

यशोदाबाई पाटावरून उठल्या. गिरधरने त्यांचा हात धरला.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं," त्या म्हणाल्या, "नाकाचं नाही. काडीचा वास येतो मला."

गिरधरचा दुसरा हात खिशातल्या काडेपेटीवर गेला.

"तू लावलास ना? मग आता नऊ दिवस तूप घालायला तूच उठायचं."