सत्यवानाची भिंत

"हात लाव, आये. भिंत काय चावणा नाय."

काशीबाईंनी हात लावला नाही. त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या आणि नव्या गिलाव्याकडे बघत होत्या, घरात कोणी परका माणूस आणून उभा करावा तशा.

त्यांच्या लेकाची, सत्यवानाची, छाती मात्र फुगली होती. हा बोटीवर इंजिनात फिटर. चतुर्थीला म्हणून घरी आला आणि महिनाभर घरच खणत बसला. कुठल्याशा थंड बंदरात, खलाशांच्या उतरायच्या जागी, त्याने भिंतीत गरम पाण्याच्या नळ्या घातलेल्या बघितल्या होत्या. ना धूर, ना जाळ. पाठ टेकली की हाडं शेकून निघत. तिथे बसल्या बसल्या त्याला आई आठवली, पावसाळाभर ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीशी कण्हणारी. मग काय! न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाला दोन भोकं पाडली, तांब्याची नळी डाखली, आईच्या खोलीच्या भिंतीत नागमोडी फिरवून परत भाणात आणली आणि वर गिलावा. गंगाराम गवंडी तर काम करता करता हसून लोळायचा बाकी राहिला होता. "मे म्हयन्यात भिंतीर आंबोळ्यो घालतलंस काय रे?" अहो, तारकर्लीत भिंत तापवणारा हा पहिलाच!

"पंप नाय, काय नाय," सत्यवान सांगत होता. "गरम पाणी आपसूक वर चढता, थंड झाला की खाली येता. फक्त इस्तो तेवडो विझाक नको. सकाळपासून सांजेपर्यंत दर अर्ध्या तासान दोन सोडणा घालूची. विझलो तर भिंत परत तापाक तीन तास."

न्हाणीत चुलीशी बसलेल्या त्याच्या बायकोने, आनंदीने, ते ऐकलं. सकाळपासून सांजेपर्यंत.

मंगळवारी तिच्या नावाने कागद आला होता. मालवणच्या बालवाडीत शिक्षिका म्हणून सोमवारी दहा वाजता हजर व्हावे. शेजारची मथुरा दुपारपर्यंत काशीबाईंपाशी येऊन बसायला तयार झाली होती. पण येऊन बसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घरची चूल दिवसभर राखणं वेगळं. ते मथुरेला कोणत्या तोंडाने सांगायचं? आज शनिवार. सोमवारी पहाटे सत्यवान मुंबईची एसटी धरणार, तिथून पुढे बोट. भिंत मात्र इथेच राहणार.

"मगे माझी नोकरी?" आनंदीने विचारलं.

"ह्या काम न्हय काय?" तो हसला. रागाने नाही, अगदी मायेने. "आवशीच्या हाडांची काळजी कोणी घेवक होयी मा?"

माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. आईसाठी महिनाभर चुन्यासिमेंटात राबलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? आनंदीने नारळाची दोन सोडणं चुलीत सारली. धूर डोळ्यांत गेला, ते बरंच झालं.

अखेर काशीबाईंनी हात लावला. भिंत गरम होती. त्यांनी हळूच पाठ टेकली. आषाढापासून कमरेत रुतून बसलेली कळ सैल झाली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. इतकं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. सत्यवान तेव्हा नळीच्या सांध्याशी वाकला होता, म्हणून त्याला ते दिसलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. समोरच्या दारातून न्हाणी दिसत होती. सून गुडघे पोटाशी घेऊन जाळाकडे बघत बसली होती.

"कशी लागता, आये?"

"खंय काय? थंडगार आसा रे."

"थंड?" सत्यवानाने तळवा टेकवला. "गरम आसा मगे!"

"तुझो हात इंजिनातलो. माझ्या हाडांक काय एक लागणा नाय."

त्याचा चेहरा पडला. पण ऐकेल तो सत्यवान कसला! "आनंदी, जाळ वाढव गो. जाडी लाकडा घाल."

आनंदीने जाडी लाकडं घातली. भाणातलं पाणी खदखदू लागलं. काशीबाईंच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर, मग तो चोळीत उतरला. त्या भिंतीपासून तसूभर हलल्या नाहीत.

"वाकळ हाड गो, आनंदी. हीव भरला माका."

सत्यवान स्वतःच्या कपाळावर हात मारून जाळ वाढवायला न्हाणीत धावला. आनंदी वाकळ घेऊन आत आली. सासूची पाठ लालबुंद झाली होती. तिने भिंतीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"आये, पाठ भाजतली तुमची," ती कुजबुजली. तिला रडू फुटलं. "पुरे झाला. मी जावचंय नाय सोमवारी."

काशीबाईंनी तिचं मनगट धरलं. "जातलंस. ऊब होयी गो माका, लय होयी. पण तुका चुलीत घालून नको."

न्हाणीतून लाकडं सारल्याचा आवाज आला. "आतां, आये?" सत्यवान ओरडला. "आतां तरी?"

काशीबाईंनी वाकळ गळ्यापर्यंत ओढली, पाठ भिंतीला घट्ट दाबली आणि घामाने निथळत ओरडून सांगितलं,

"बरफ रे झिला, बरफ!"