झुलालच्या नावाला उत्तर

झुलालचं नाव यायला फार वेळ नव्हता, आणि निंबा नानांना थांबवायचं बटण काही सापडत नव्हतं. टेप आपली सुसाट सुटली होती. पणजे, आजे, त्यांचे भाऊ, भावांची पोरं.

"अरे, थांब ना बाप!" नाना टेपवर ओरडले.

बन्सीलालनं हात पुढे करून ती बंद केली. "नाना, माझे बाबा तुमचा आवाज ऐकून थांबायचे. हिला दाबावं लागतं."

त्याचे बाबा म्हणजे नानांच्या कुळाचे भाट. दर चार-पाच वर्षांनी म्हातारा दोंडाईचा स्टेशनवर उतरून गावात यायचा आणि नानांच्या ओट्यावर बसून घराण्यातली नावं खड्या आवाजात म्हणायचा. शेवटच्या पिढीवर आला की एकेका नावाला थांबायचा. माणूस हयात असला तर घरच्या वडीलधाऱ्यानं "शे" म्हणायचं, नसला तर "गया". उत्तरच आलं नाही तर माणूस गेला असं धरायचं. म्हातारा यंदा राहिला नव्हता. पोराच्या डोक्यात चार नावं टिकत नाहीत हे ओळखून त्यानं जाण्याआधी सगळी घराणी टेपवर म्हणून ठेवली होती. कॅसेट पुरावी म्हणून नावामागून नाव घेतलं होतं, मध्ये दम खायला जागा नाही.

नानांनी पुन्हा बोट लावलं. या वेळी टेप चिरचिरत पुढे पळाली आणि आख्खी एक पिढी दाण्याच्या कणगीतल्या उंदरांसारखी निसटून गेली.

"गयात बठ्ठा!" नाना म्हणाले आणि सगळीच माणसं आपण मारली की काय म्हणून घाबरून हात मागे घेतला.

दाराआड उभ्या असलेल्या भागाबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. झुलाल तिचा नवरा, नानांचा धाकटा भाऊ. सुरतच्या गिरणीत काम मिळतं म्हणून गाडीत बसला, त्यानंतर चिठ्ठी नाही की निरोप नाही. भाट त्याचं नाव घेई आणि नाना छाती काढून "शे!" म्हणत. त्या एका शब्दावर ती आजवर कुंकू लावत आली होती. नानांचे उपकार ती मानत होती, पण नानांना तरी काय ठाऊक होतं? तिच्याइतकंच. भाट मात्र गावोगाव फिरणारा माणूस. सुरतला गेलेल्या लोकांच्या घरीही त्याची फेरी असायची. त्याला एकदा विचारावं असं तिला दर वेळी वाटे. पण कुळाची नावं चालू असताना बायकांनी ओट्यावर यायचं नाही अशी रीत होती, आणि जेठासमोर तोंड उघडायचं नाही ही दुसरी.

टेप परत मागे नेली. परत चुकली. आता नाना बटणाकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहत होते. असंच चाललं तर झुलालचं नाव येईल आणि उत्तराआधीच निघून जाईल, हे भागाबाईला दिसत होतं. शिवाय इतका वेळ पाहून कुठलं बटण काय करतं ते तिला कळलंही होतं.

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उंबरा ओलांडला.

"नाना, मी दाबू का?"

नाना एकदा तिच्याकडे, एकदा रस्त्याकडे पाहत राहिले. "दाब बाई," ते शेवटी म्हणाले. "मन्हा बापना हातनं हाई येडं थांबत नही."

ती टेपजवळ बसली. "अभिमन," म्हातारा भाट म्हणाला. तिनं दाबलं.

"शे," नाना म्हणाले. तिनं सोडलं.

"चिंधा."

"गया."

"आधार."

"शे! तठे बैल धुई ऱ्हायना, दखा." नानांना आता मजा वाटू लागली होती. भाटाला थांबवण्याचा जुना मान परत मिळाल्यासारखे ते सरसावून बसले.

"झुलाल."

भागाबाईचं बोट बटणावरच होतं. त्या नावाच्या ओढीत ते खाली जायचं राहिलं. नानांनी तोंड उघडलं.

"शे," टेपमधून म्हातारा भाटच म्हणाला, आणि पुढच्या नावाकडे निघाला.

भागाबाईनं टेप थांबवली. नानांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बाबांनी दुसऱ्या कुठल्याच घराण्यात स्वतः उत्तर दिलेलं नाही," बन्सीलाल गोंधळून म्हणाला. "ही टेप भरताना मला खोलीबाहेर बसवलं होतं. मला माहीत नाही."

"सवय पडनी व्हई त्याले," नाना म्हणाले. "मीच म्हनू ना दर डाव." पण त्यांचा आवाज बसला होता.

भागाबाईनं मागे न्यायचं बटण दाबलं, सोडलं, ऐकलं. झुलाल. शे. नाना म्हणायचे तसं हे नव्हतं. गावाला ऐकू जावं म्हणून काढलेला आवाज नव्हता. एखाद्याला नुकतंच भेटून आलेला माणूस सांगेल तसा तो खाली, साधा होता. तिनं ते परत ऐकलं, आणि परत.

मग डोक्यावरचा पदर मागे सरकला तो तसाच राहू देऊन तिनं भाटाच्या पोराकडे सरळ पाहिलं.

"भाऊ, सुरतमा तुम्हना बाबा कोना घर उतरेत?"