घाटाआधीचं वळण

माझ्या मुलाने, कुर्दिनने, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. कूरहून निघायचं, घाट ओलांडून सांक्त मोरित्झ, पुढे श्कुओल आणि शेवटी इन्सब्रुक. बर्फात कुठे घसरायचं, कुठल्या गरम झऱ्यात डुंबायचं, अक्रोडाचा केक कुठे खायचा, सगळं ठरलं होतं. ह्यांचं गाव मात्र वाटेवर असूनही त्यात नव्हतं.

"घाटाआधी आपण वळणार ना?" मी विचारलं.

"तिथे फार बर्फ आहे, आई."

"आणि वर घाटात काय ऊन पडलंय? केकसाठी तासभर आहे, बापाच्या कबरीपाशी उभं राहायला पाच मिनिटं नाहीत?"

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"पुढच्या वर्षी मीच जाईन तिथे, कायमची राहायला!"

नात फ्लुरिनाने मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. कुर्दिन नकाशाची घडी घालत राहिला.

"आई, कबरीसाठी जागा पंचवीस वर्षांपुरतीच मिळते, ती मुदत संपली. वाढवून देत नाहीत. पानगळीतच दफनभूमीवाल्यांनी नावाचा दगड काढून जागा सपाट केली. तुला कसं सांगावं, कळेना."

"मला न विचारता?" माझा आवाज इतका चढला की मांजर टेबलाखालून पळालं.

"आता तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही गं."

"म्हणूनच जायचं," मी फ्लुरिनाच्या हातातला मोबाईल काढून घेतला. "दगड होता तोवर ही एकटीसुद्धा गेली असती. आता हिला आजोबांची जागा दाखवणारं माझ्याशिवाय कोण आहे?"